परवडणाऱ्या सेमी-हॉलो गिटारचे सुटे भाग बदलताना

सेमी-हॉलो, म्हणजे अर्ध्या पोकळ, गिटारच्या दर्शनी फळीवर एफ या अक्षराच्या आकाराच्या दोन फटी असतात आणि तिच्या पोटातली जवळजवळ सगळी विजेची जोडणी याच फटींतून आत-बाहेर करावी लागते. सॉलिड गिटारला सहसा मागे किंवा पुढे झाकण असते. चार स्क्रू काढले की पॉट (नॉबखालचे, आवाज कमी-जास्त करणारे भाग), कपॅसिटर आणि वायरी समोर दिसतात. सेमी-हॉलोला बहुतेक वेळा असे झाकणच नसते. म्हणून या गिटारवर काम करणाऱ्याने ‘आधी पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग) बदलून बघू, मग जमले तर पॉट, मग पुढे कधीतरी जॅक’ ही सवय पहिल्याच दिवशी सोडून द्यावी. काय बदलायचे ते आधी ठरवावे, प्रत्येक भाग मोजावा, सगळी जोडणी बाहेर करून तपासावी आणि एकदाच आत घालावी. मी भुसावळला राहतो आणि गेली काही वर्षे माझ्या स्वतःच्या व जळगाव, अमळनेर, चोपड्याकडच्या मित्रांच्या गिटारींवर हे काम हौसेने करतो आहे. पुढे जे लिहिले आहे ते याच कामातून हाती आलेले आहे.

या जातीची मूळ गिटार म्हणजे गिब्सन कंपनीने १९५८ साली आणलेली ईएस-३३५. त्याआधीच्या पूर्ण पोकळ गिटारी मोठ्या आवाजात अँप्लिफायरसमोर आल्या की शिट्टी मारू लागत. ती अडचण कमी करण्यासाठी या गिटारच्या मधोमध मेपल लाकडाचा ठोकळा बसवला गेला आणि दोन्ही बाजूंचे पंख तेवढे पोकळ ठेवले गेले. आज एपिफोनच्या किंवा आयबानेझच्या आर्टकोर मालिकेतल्या ज्या परवडणाऱ्या सेमी-हॉलो गिटारी आपल्याकडे मिळतात, त्यांचा सांगाडा याच कल्पनेवर उभा असतो: मधला ठोकळा, लाकडाचे पातळ थर चिकटवून घडवलेल्या वरच्या-खालच्या फळ्या आणि दोन हंबकर (दुहेरी गुंडाळीचे) पिकअप. हा सांगाडा आपण बदलू शकत नाही आणि सहसा बदलण्याची गरजही नसते. माझ्या पाहण्यात कारखान्याने काटकसर केलेली असते ती नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी), पॉट, स्विच, जॅक अशा लहान भागांत आणि शेवटच्या हातकामात. नेमके हेच भाग घरच्या टेबलावर सुधारता येतात, म्हणून स्वस्त सेमी-हॉलोवर घेतलेली मेहनत वाया जात नाही.

आधी गिटार जशी आहे तशी लावून घ्यावी

एकही भाग विकत घेण्यापूर्वी नव्या तारा चढवून गिटारची पूर्ण लावणी करावी, कारण ‘पिकअप बेकार आहेत’ अशी जी तक्रार घेऊन लोक येतात, तिच्यामागे निम्म्या वेळा पिकअपची चुकीची उंची किंवा वाकलेली मान निघते. खानदेशात ही गोष्ट अधिकच खरी आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा अगदी कोरडी होते, लाकूड आक्रसते आणि फिंगरबोर्डच्या कडेने फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके हाताला टोचू लागतात. पुढे पाऊस लागला की तेच लाकूड ओल धरून फुगते आणि मानेचा बाक बदलतो. त्यामुळे अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास केलेली लावणी पोळ्यापर्यंत टिकेल असे धरून चालू नये. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक घरात घडते: पाण्याचा कूलर. दिवसभर कोरड्या असलेल्या खोलीत संध्याकाळी कूलर सुरू झाला की काही मिनिटांत हवेतली ओल वाढते. कूलरच्या झोतासमोर स्टँडवर उभी ठेवलेली गिटार रोज हा फरक सोसते. वाजवून झाल्यावर ती पेटीत ठेवावी आणि उन्हाळ्यात पेटीत भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवावा.

मान तपासण्यासाठी फीलर गेज लागतो आणि तो कोणत्याही दुचाकीच्या गॅरेजमध्ये असतो, कारण टॅपेट लावायला मिस्त्री तोच वापरतात. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट मोजावी. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर फट असली की बहुतेक वाजवणाऱ्यांचे समाधान होते. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) घड्याळाच्या दिशेने आणि कमी असेल तर उलट दिशेने फिरवावा, पण एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक नको, आणि प्रत्येक वेळी तारा पुन्हा सुरात आणून मगच मोजावे. रॉड फिरायला फार जड वाटला तर तिथेच थांबून जाणकाराला दाखवावे. तुटलेला ट्रस रॉड ही स्वस्त गिटारची न परवडणारी दुरुस्ती आहे.

यानंतर बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली सुमारे १.५ मिलिमीटर अंतर राहील अशी ब्रिजची (धडावर तारा जिथे टेकतात त्या भागाची) उंची ठेवावी. मग शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपची उंची लावावी: जाड तार आणि पिकअपचा लोखंडी खांब यांच्यात अंदाजे २.४ आणि बारीक तारेला १.६ मिलिमीटर, हा आरंभबिंदू चांगला आहे. मानेजवळचा पिकअप घुमटून जड वाजत असेल तर तो आणखी खाली न्यावा. एवढे करून आठवडाभर वाजवावे आणि जे खटकते ते कागदावर लिहून काढावे. सूर टिकत नाही, व्हॉल्यूम कमी केला की आवाज मंद आणि बोथट होतो, नॉब फिरवताना खरखर होते, जॅक हलला की आवाज जातो, या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची औषधेही वेगवेगळी आहेत. नुसती खरखर असेल तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा मागे-पुढे फिरवला तरी काम होते, आणि पॉट बदलण्याची गरजच उरत नाही.

नट आणि कळा

सूर टिकत नाही म्हटले की लोक लगेच ट्यूनिंगच्या कळा बदलायला निघतात. माझ्या अनुभवात दोष बहुधा नटच्या खाचेत असतो. सुरात आणताना ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि सूर एकदम उडी मारून वर गेला, तर तार खाचेत अडकते आहे असे समजावे. अशा वेळी खाचेत मऊ शिसपेन्सिल घासावी. त्याने फरक पडला, तर खाच रुंद किंवा गुळगुळीत करण्याची गरज आहे हे सिद्धच झाले.

नटच्या खाचा कापायच्या खास कानशी महाग असतात, पण जळगावसारख्या सराफी गावात त्यावाचून अडत नाही. सोनाराकडच्या बारीक करवतीची पाती पातळ तारांच्या खाचांना चालतात आणि वेल्डिंगच्या टॉर्चचे तोंड साफ करण्यासाठी खरबरीत सुयांचा जो संच मिळतो, त्यातल्या सुया जाड तारांच्या खाचांना चालतात. तारांच्या ‘दहा’ क्रमांकाच्या संचात सर्वांत बारीक तार ०.२५ मिलिमीटर आणि सर्वांत जाड तार सुमारे १.१७ मिलिमीटर असते; खाच तारेपेक्षा किंचितच रुंद ठेवावी आणि कळांच्या बाजूला हलका उतार द्यावा, म्हणजे तार खाचेच्या पुढच्या कडेवरच टेकते. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे. फट दिसेनाशी झाली की खाच गरजेपेक्षा खोल गेली. प्लास्टिकचा पोकळ नट काढून हाडाचा बसवायचा असेल तर आधी जुन्या नटच्या कडेने धारदार पात्याने लॅकर कापून घ्यावे, मग लाकडी ठोकळा टेकवून हलका ठोका द्यावा. असे न केल्यास नटबरोबर लॅकरचा पापुद्राही निघून येतो. नव्या नटला खाली साध्या गोंदाचे दोन थेंब पुरतात.

कळा खरोखरच सैल असतील, म्हणजे त्यांचा दांडा हाताने हलत असेल, तर बदलाव्यात. घेण्यापूर्वी मानेच्या डोक्यावरच्या भोकाचा व्यास मोजावा, कारण तो काही गिटारींत १० मिलिमीटर तर जुन्या पद्धतीच्या कळांसाठी त्याहून कमी असतो. मागच्या स्क्रूची जागाही जुळली पाहिजे, नाहीतर नव्या कळेशेजारी जुने भोक उघडे राहते.

पोटातली जोडणी

या लेखाचा खरा गाभा हाच आहे. दोन व्हॉल्यूम, दोन टोन, एक तीन-मार्गी स्विच आणि एक जॅक अशी बहुतेक गिटारींची मांडणी असते. हंबकरसाठी ५०० किलो-ओहमचे पॉट वापरतात. सिंगल कॉइलला २५० चालतात. व्हॉल्यूमला ‘ए’ म्हणजे ऑडिओ प्रकारचा पॉट घ्यावा, कारण कानाला आवाज ज्या प्रमाणात कमी-जास्त वाटतो त्याच्याशी त्याचा उतार जुळतो. ‘बी’ म्हणजे रेषीय पॉट व्हॉल्यूमला लावला तर सगळा बदल नॉबच्या शून्याजवळच्या टप्प्यात एकवटल्यासारखा वाटतो. टोनला २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा, ज्यावर २२३ असा आकडा छापलेला असतो. कपॅसिटर जुना, तेलात भिजवलेला किंवा महागाचा असावा असा आग्रह मी धरत नाही. मूल्य बरोबर असलेला साधा फिल्म कपॅसिटर तेच काम करतो, आणि वाचलेले पैसे चांगल्या स्विचवर व जॅकवर खर्च करावेत, कारण हात लागून झिजणारे भाग तेच आहेत. हे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवता येतात. पॉट आले की दोन्ही बाहेरच्या पायांना मल्टिमीटर लावून प्रत्यक्ष मूल्य मोजावे. ५०० छापलेला पॉट ४२०ही भरतो आणि ५५०ही. जास्त भरणारे व्हॉल्यूमला ठेवावेत, त्याने आवाजाची धार थोडी अधिक राहते.

मापांच्या बाबतीत मी स्वतः एक चूक केली आहे, ती इथे तपशीलाने सांगतो. अमेरिकी मापाच्या मोठ्या पॉटची आटे पाडलेली गळपट्टी ९.५ मिलिमीटर व्यासाची असते, तर आशियात बनलेल्या बहुतेक परवडणाऱ्या गिटारींतली भोके ७ ते ८ मिलिमीटरच्या पॉटसाठी पाडलेली असतात. मी न मोजता चार मोठे पॉट मागवले आणि भोक मोठे करण्यासाठी गोल कानस आतून बाहेरच्या दिशेने ओढली. तिसऱ्याच ओढीला भोकाच्या कडेचा लॅकर नखाएवढा उडाला आणि खालचे फिकट लाकूड उघडे पडले. पुढच्या वेळी मी भोकावर कागदी चिकटपट्टी लावली, पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळला आणि तो फक्त वरून आत ढकलत, बाहेर येताना उचलून घेत, गोल फिरवत भोक वाढवले. तेव्हा कड स्वच्छ राहिली. मापात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मोठ्या पॉटची चकती सुमारे २४ मिलिमीटर व्यासाची असते, म्हणून पुठ्ठ्याची तेवढीच चकती कापून ती एफ-फटीतून आत जाते का ते आधी बघावे. आणि दांड्यावरच्या दात्यांची संख्या आशियाई व अमेरिकी मापांत वेगळी असल्याने जुने नॉब नव्या पॉटवर बसतीलच असे नाही. या सगळ्यामुळे ज्यांना भोकांना हात लावायचा नाही त्यांनी चांगल्या प्रतीचे लहान पॉट घ्यावेत. आवाजात त्यांच्यामुळे काही उणे पडत नाही.

आता जोडणीची कृती. गिटारचे नॉब काढून जिथे पॉट, स्विच आणि जॅक आहेत तिथे पांढरा कागद ठेवावा आणि आडव्या शिसपेन्सिलीने घासावे. पॉटचे नट आणि दांडे कागदावर उमटतात. हा कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून त्या जागी भोके पाडावीत आणि नवे पॉट त्या पुठ्ठ्यावर बसवून टेबलावर सगळी जोडणी करावी. असे केल्याने वायरींची लांबी आपोआप बरोबर येते. प्रत्येक वायरीला दोन-तीन सेंटिमीटर ढील मात्र ठेवावी, कारण आत घालताना पॉट आडवे होऊन जातात. सेमी-हॉलोच्या पोटाला आतून तांब्याची पट्टी किंवा शिल्डिंगचा रंग लावणे जवळपास अशक्य असते, त्यामुळे घरघर टाळायची तर वायरच शिल्डची, बाहेरून जाळी असलेली घ्यावी आणि जाळीचे टोक पॉटच्या पाठीला जोडावे.

सोल्डरचा डाग देताना नव्या माणसाची अडचण पॉटच्या पाठीवरच होते. २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पायांना पुरते, पण पाठीचा पत्रा उष्णता ओढून घेतो. मग माणूस ती अर्धा मिनिट टेकवून बसतो आणि आतली कार्बनची पट्टी भाजते. तिथे ५० ते ६० वॅटची इस्त्री घ्यावी, पत्रा आधी पॉलिश पेपरने खरवडावा आणि तीन-चार सेकंदांत काम उरकावे. डाग चमकदार आणि पसरलेला दिसला तर पक्का. मण्यासारखा गोल आणि फिका दिसला तर तो कच्चा आहे, पुन्हा तापवावा. सोल्डर ६०-४० प्रमाणाचे, आत राळ असलेले वापरावे. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट इथे चालत नाही, ती काही महिन्यांत वायर खाऊन टाकते.

व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज बोथट होण्याचे दुखणे दोन प्रकारे बरे होते. एक म्हणजे टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या पिकअपकडच्या पायाऐवजी मधल्या, बाहेर जाणाऱ्या पायाला जोडणे. पन्नाशीच्या दशकातल्या गिब्सनमध्ये अशी जोडणी होती. दुसरा म्हणजे व्हॉल्यूमच्या त्याच दोन पायांमध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलो-ओहमचा रेझिस्टर समांतर लावणे. मला पहिली पद्धत अधिक आवडते. तिच्यात काहीही विकत घ्यावे लागत नाही आणि नॉब अर्ध्यावर आणला तरी तारांचा टणत्कार जिवंत राहतो. दोन्ही पद्धती एकत्र करू नयेत, व्हॉल्यूम कमी होताना आवाज कर्कश आणि पातळ होत जातो.

पुठ्ठ्यावरची जोडणी तयार झाली की तिला पिकअप तात्पुरते जोडून अँप्लिफायरला लावावे आणि पिकअपच्या खांबांवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करून तिन्ही स्थाने, चारही नॉब तपासावेत. ब्रिजकडून किंवा तारा अडकवायच्या शेपटीच्या खुंटीतून येणारी अर्थची वायर विसरू नये. ती तुटली तर गिटार सतत गुणगुणत राहते आणि तारांना हात लावूनही फरक पडत नाही.

जुनी जोडणी बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक पॉटच्या दांड्याच्या चिरेत शिवणकामाचा पक्का दोरा बांधावा, नट काढावा आणि पॉट आत ढकलावा. पॉट फटीतून बाहेर येतो आणि दोऱ्याचे एक टोक भोकाबाहेर तसेच राहते. चार पॉटना चार रंगांचे दोरे असले की गोंधळ होत नाही. मग नव्या पॉटच्या दांड्याला तोच दोरा बांधून भोकाबाहेरचे टोक हळूहळू ओढायचे. याहून चांगली युक्ती आपल्याकडच्या शेतीने दिलेली आहे. ठिबकच्या दुकानात बारीक मऊ नळ्या मिळतात. पॉट खिशात घालून जावे आणि ज्या नळीचे आतले भोक दांड्यापेक्षा किंचित लहान असेल अशी फूट-दीड फूट नळी घ्यावी. नळीचे टोक गरम पाण्यात बुडवून ते दांड्यावर दाबून बसवले की घट्ट पकड येते. नळी भोकातून आत घालून फटीतून बाहेर काढायची, तिच्यावर पॉट चढवायचा आणि वरून ओढायचे. पॉट वळणे घेत नेमका आपल्या भोकात येऊन उभा राहतो, दांडा वर डोकावतो, आणि नळी न काढताच तिच्यावरून वॉशर व नट सरकवून आट्यांपर्यंत आणता येतात. आत घालताना जॅक सर्वांत आधी, मग स्विच, मग फटीपासून दूरचे पॉट आणि शेवटी जवळचे, असा माझा क्रम असतो. काही मॉडेलमध्ये ब्रिजजवळच्या पिकअपखाली मधला ठोकळा कापलेला असतो आणि तिथूनही हात पोचतो. पिकअप उचलून एकदा बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावे, फटीतला सगळा त्रास वाचू शकतो.

नट घट्ट करण्यापूर्वी आतल्या सुट्या वायरी कापडी पट्टीने बांधाव्यात. फळीला टेकलेली एक वायर ठरावीक सुरावर झणझणत राहते आणि माणूस दिवसभर फ्रेट तपासत बसतो.

पिकअप

कारखान्याचे पिकअप पुष्कळदा ठीक असतात, असे म्हणायला मी कचरत नाही. पॉट, लावणी आणि नट झाल्यावरही आवाज चिखलासारखा वाटत असेल तर मात्र बदलावेत. सेमी-हॉलोचा स्वतःचा श्वास ऐकू यायचा असेल तर फार दमदार पिकअप घेऊ नये. ७ ते ८.५ किलो-ओहमच्या आसपासचा, अल्निको चुंबकाचा, जुन्या धाटणीचा हंबकर मला या गिटारला शोभतो असे वाटते. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणून २५ अंशांना ७.८ भरणारा पिकअप मेच्या दुपारी ४५ अंशांना ८.४ दाखवतो. पुड्यावरचा आकडा जुळत नाही म्हणून विक्रेत्याशी वाद घालण्याआधी मोजमाप सकाळी करावे.

जुना बंद पडलेला पिकअप पुन्हा गुंडाळून घ्यावा म्हणून मी एकदा धुळ्याला पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या ओळखीच्या दुकानात गेलो होतो. तिथल्या कारागिराने तुटलेले टोक भिंगाखाली पाहिले आणि म्हणाला, “भाऊ, इतली बारीक तार आपलाजोडे नही शे.” त्याचे बरोबर होते. हंबकरच्या प्रत्येक गुंडाळीत ०.०६ मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेचे सुमारे पाच हजार वेढे असतात. पण तुटलेले टोक वरच्याच वेढ्याचे असल्याने त्याने इनॅमल खरवडून ते जोडून दिले, आणि तो पिकअप आजही वाजतो आहे. बंद पिकअप फेकण्याआधी टोके तपासून घ्यावीत.

घेताना तारांच्या अंतराशी खांबांचे अंतर जुळते का पाहावे: मानेजवळ सुमारे ५० आणि ब्रिजजवळ सुमारे ५२ मिलिमीटर ही नेहमीची मापे आहेत. पिकअपभोवतीची प्लास्टिकची चौकट बदलायची असेल तर तिचा तळ वक्र असलेला घ्यावा, कारण वरची फळी कमानदार असते आणि सपाट तळाची चौकट आवळताना तडकते. दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावले आणि स्विच मध्यावर ठेवताच आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला, तर ते एकमेकांच्या उलट फेजमध्ये आहेत. चार वायरींचा पिकअप असेल तर त्याच्या गुंडाळीच्या दोन टोकांची अदलाबदल करावी आणि जाळी अर्थलाच ठेवावी. एकच वायर व जाळी असलेल्या, धातूच्या झाकणाच्या पिकअपमध्ये असे केले तर झाकणच सिग्नलला जोडले जाते आणि हात लागताच घरघरते. तिथे पिकअप उघडून चुंबक उलटा बसवणे हाच मार्ग आहे.

गुंडाळीत मेण न भरलेले पिकअप मोकळे आणि गोड वाजतात, पण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, जिथे मॉनिटर कानाशी आणि डीजेचे स्पीकर पाठीशी असतात, तिथे ते चिरकतात. अशा ठिकाणी वाजवणाऱ्याने मेण भरलेलेच घ्यावेत. एफ-फटीतून होणारी घुमारी मऊ फोमचे तुकडे कापून फटी बुजवल्या की बरीच आवरते. अमेरिकी ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग आपल्या गिटारच्या फटींत कापड कोंबत असत आणि १९८० साली गिब्सनने त्यांच्या नावाचे जे मॉडेल काढले, त्याला या फटीच ठेवल्या नव्हत्या.

ब्रिज आणि अर्थिंग

ब्रिज बदलताना खांबांमधले अंतर, जे बहुधा ७४ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि खांबांची जाडी व आटे जुळतात का एवढे पाहिले की बाकी काम सोपे आहे. नवा ब्रिज बसला की बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि त्याच जागचा हार्मोनिक (तारेला बोट नुसते टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळवावा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकण्याचा तुकडा) मानेपासून दूर सरकवावे, उतरलेला असेल तर जवळ आणावे.

एवढे सगळे करूनही घरघर राहिली तर गिटार पुन्हा उघडण्याआधी भिंतीतला सॉकेट तपासावा. आपल्याकडे कित्येक घरांत आणि मांडवांत तिसरी पिन नुसतीच नावाला असते. तारांना हात लावल्यावर घरघर थोडी कमी होणे हे नेहमीचे आहे. मात्र तारांवर हात ठेवून माइकला ओठ लागताच मुंग्या येत असतील किंवा झटका बसत असेल तर वाजवणे तिथेच थांबवावे आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. अँप्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन तोडून घरघर घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कधीही मानू नये. गिटारच्या तारा त्याच अर्थला जोडलेल्या असतात आणि दोष आला तर वीज वाजवणाऱ्याच्या हातातून जाते.

काम संपल्यावर पुठ्ठ्याचा साचा, काढलेले जुने भाग आणि त्या दिवशीची मापे लिहिलेला कागद गिटारच्या पेटीतच ठेवावा. महिन्याभराने जॅकचा नट पाहावा. केबलच्या ओढीने तो सैल झालेला असतो, आणि जॅक आत फिरू लागला तर वायरीला पीळ पडून ती तुटते. नट आवळताना जॅक आतून फिरू नये म्हणून त्याच्या भोकात एक जाड स्क्रूड्रायव्हर घट्ट दाबून धरावा आणि मग पान्याने अर्धा फेरा द्यावा.